एका बैलाचं औत

२०२२ च्या सप्टेंबरात लंपी रोगानं आमचा बैल हरण्या गेला आणि आमच्या दावणीला कोशा एकटा उरला. दोन्ही बैल गेले असते तर निर्णय सोपा होता. गोठा मोकळा करून ट्रॅक्टरवाल्याला फोन लावला असता. एक राहिला आणि तिथंच सगळं अडलं. गाय एकटी असली तरी दूध देते, शेळी एकटी असली तरी करडं देते. बैल एकटा राहिला की त्याचं काम निम्मं होत नाही, पुरतं थांबतं. जुवाच्या एका टोकाला मान नसेल तर दुसऱ्या टोकाच्या मानेचा काही उपयोग नाही.

आमची वस्ती सांगली जिल्ह्यातल्या आटपाडी तालुक्याच्या टोकाला, माण तालुक्याच्या शिवेजवळ. एसटी फाट्यावर सोडते. तिथून पुढं चढ आणि मुरमाचा रस्ता, पावसाळ्यात तोही नावापुरता. टेंभू योजनेचं पाणी खालच्या गावांत आलं, तिथं डाळिंबाच्या बागा झाल्या आणि आता ऊसही दिसतो. आम्ही त्या पाण्याच्या वर राहतो. आमच्याकडं खरिपात थोडी बाजरी, मटकी, हुलगा आणि खरी मदार रब्बीच्या शाळूवर, म्हणजे ज्वारीवर. त्यातला दाणा माणसांना, कडबा जनावरांना.

मी बरीच वर्षं गलाईत काढली. आमच्या भागात घरटी एक माणूस सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पांगलेला असतो. मी कोइमतूरला होतो. लॉकडाऊननंतर दुकान धाकट्या भावावर सोपवलं आणि परत आलो. लहानपणी कासरा धरलेला, कुळवावर बसून फिरलेलो, पण औत माझ्या अंगावर कधी पडलं नव्हतं. ते सगळं आप्पांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी आणि काकींनी सांभाळलेलं. हरण्या गेला त्या वर्षी आप्पांच्या गुडघ्यांनीही जवाब दिला होता. म्हणजे औताला बैल एक कमी आणि माणूसही एक कमी.

लंपीत हरण्याच्या अंगभर गाठी उठल्या, पाय सुजले, त्यानं वैरण सोडली. सरकारी डॉक्टर येऊन गेले, बाकीच्या जनावरांना शेळ्यांच्या देवीची लस टोचली. माश्या, डास आणि गोचिडं हा रोग पसरवतात म्हणून आप्पा रोज संध्याकाळी गोठ्यात कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करायचे. कोशा तगला. सरकारनं बैलाला २५ हजारांची मदत जाहीर केली, पण तेवढ्यात कामाचा खिलार बैल येत नाही. आणि पैसे असते तरी घेणार कुठून? रोग पसरू नये म्हणून जनावरांचे बाजार बंद होते. सांगोल्याचा रविवारचा बाजारही त्यात आलाच. इकडं पेरणी तोंडावर.

ट्रॅक्टर का नाही, हे मला पुण्यातले मित्र अजून विचारतात. नांगरट आम्हीही ट्रॅक्टरनंच करतो आणि त्यात आप्पांना काही कमीपणा वाटत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीचा लोखंडी नांगर आमच्या घरात होता. खोल नांगरायचं तर त्याला चार-सहा बैल जुपायला लागत, चार घरची जनावरं गोळा करायला लागत, आणि उन्हाळ्याच्या त्या कामात बैल झिजत. ते गेलं ते बरंच झालं. पण पेरणीची गोष्ट वेगळी. आमची रानं तालीची. उताराला आडवी दगडी ताल घालून अडवलेली माती, तिच्या लांबलचक अरुंद पट्ट्या. काही पट्ट्या इतक्या चिंचोळ्या की ट्रॅक्टर वळण्यातच निम्मं रान तुडवतो आणि तालीच्या कडेचा तुकडा तसाच राहतो. दुसरं, शाळू वाढतो तो जमिनीतल्या ओलीवर. पाऊस उघडल्यावर वाफसा, म्हणजे पेरण्याजोगी ओल, आला की आठ-दहा दिवसांत पेरणी उरकली पाहिजे. त्या दिवसांत ट्रॅक्टरवाले आधी खालच्या मोठ्या रानांत जातात, आमच्याकडं येईपर्यंत वरची ओल उडालेली असते. आणि तिसरं म्हणजे कोळपणी, ओळींमधलं तण काढणं. शाळू गुडघ्याएवढा झाल्यावर दोन ओळींच्या मधून बैलांशिवाय कोण चालणार?

म्हणून आप्पा काठी टेकत ओढ्यापलीकडच्या बापूंच्या वस्तीवर गेले.

बापूंकडं कायम एकच बैल असायचा, पाखऱ्या. एक बैल ठेवायचा आणि दुसऱ्या एक-बैलवाल्याशी पैरा करायचा, ही आमच्याकडची जुनी रीत. दोन बैलांचं खाणं कोरडवाहू घराला वर्षभर झेपत नाही आणि औत लागतं वर्षातले थोडे दिवस. बापूंच्या आधीच्या पैरेकऱ्यानं बैल विकून टाकला होता, त्यामुळं तेही जोडीदार शोधतच होते. चहाच्या आधी ठरलं सुद्धा.

पैऱ्याचे नियम कुठं लिहिलेले नसतात, पण चुकत कुणी नाही. दोन्ही घरांचं काम आळीपाळीनं. ज्याच्या रानात काम, त्यानं त्या दिवशी दोन्ही बैलांना वैरण-पेंड घालायची आणि गड्याला भाकरी. बैलाचा खांदा सुजला तर काम थांबलं, त्यावर वाद नाही. पैशाचं नाव काढायचं नाही. पहिला नंबर कुणाचा, हे माती ठरवते. हलकं रान लवकर वाळतं, म्हणून त्याची पेरणी आधी. भारी रान ओल धरून ठेवतं, ते थांबू शकतं. बापूंचं रान मुरमाड, आमच्या खालच्या दोन ताली काळ्या. त्यामुळं कुणी पुढं जायचं हा प्रश्नच आला नाही. असा जुळणारा जोडीदार नशिबानं मिळतो. दोघांचीही रानं एकाच प्रतीची असली तर पैऱ्यात दरवर्षी कुरकुर.

अडचण उंचीची होती. पाखऱ्या कोशापेक्षा वीतभर उंच. जू तिरकं व्हायचं आणि सगळा भार कोशाच्या मानेवर उतरायचा. बापूंनी जू मधोमध न बांधता अवजाराची दांडी जुवाला बांधायचा नाडा पाखऱ्याच्या बाजूला चार बोटं सरकवला. सोनं तोलण्यात उमेदीची वर्षं गेल्यामुळं मला ते लगेच कळलं. तराजूच्या दांडीसारखंच ते. नाडा ज्याच्या जवळ, त्याच्या खांद्यावर ओढ जास्त. जनावर दिवसभर आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढंच ओढू शकतं. त्यातला कुणी किती हिस्सा उचलायचा, हे नाड्याच्या त्या गाठीवर ठरतं. मी लाकडाचा लहानमोठेपणा बघत होतो, बापू गाठीची जागा बघत होते.

त्या वर्षी पेरणी झाली, शाळू बऱ्यापैकी आला. पुढचं वर्ष कोरडं गेलं. २०२३ ला आमच्याकडं पेरण्याजोगी ओलच झाली नाही, आणि त्याच वर्षी बापूंच्या मुलानं कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला. पाखऱ्या बाजाराला गेला, तो परतला नाही. भांडण काही नाही. दारात ट्रॅक्टरचा हप्ता उभा असताना दावणीला बैल कशाला, हे त्यांचंही बरोबर होतं. पण कोशा पुन्हा एकटा.

कोशाला विकायचं आमच्या मनात आलं नाही, आणि आलं असतं तरी घेणारा नव्हता. पाखऱ्या तरणा, कामाचा, म्हणून त्याला गिऱ्हाईक मिळालं. कोशा उतरणीला लागलेला. पूर्वी उतरलेला बैल बाजारात द्यायचा, वर थोडे पैसे घालायचे आणि तरणा आणायचा, असं चालायचं. २०१५ ला राज्यात बैलांच्याही कत्तलीवर बंदी आली, तेव्हापासून म्हाताऱ्या बैलाला मोल राहिलं नाही. कायद्याच्या बऱ्यावाईटाबद्दल गावात दोन मतं आहेत, पण नवा बैल घेणाऱ्याचा हिशेब त्यानं बदलला, यावर एकच मत आहे. आप्पांपुरता विषय केव्हाच संपलेला होता. "त्यो हितंच मरंल. तू दुसरा बग."

दुसरा बघायला आम्ही पौषात खरसुंडीला गेलो. सिद्धनाथाची ती यात्रा म्हणजे खिलारांचा मोठा बाजार. लांबच लांब माळावर पांढरी, कोशी, काजळी जनावरं बांधलेली, मागं वळून वर गेलेली शिंगं रंगवलेली, आणि जिकडं तिकडं "नाथबाबाच्या नावानं चांगभलं". मला वाटलं होतं, पैसे बरोबर आहेत, संध्याकाळपर्यंत बैल घेऊन येऊ. पण दोन-चार दावणींवर भाव ऐकले आणि परत फिरावंसं वाटायला लागलं. सुप्रीम कोर्टानं २०२१ च्या डिसेंबरात बैलगाडा शर्यतींना परवानगी दिली आणि २०२३ च्या मे महिन्यात ती कायम केली. तेव्हापासून चपळ खोंडाकडं शेतकरी बघायच्या आधी शर्यतवाला बघतो. खिलार मुळात पळणारी जात, औतासाठी जे गुण लागतात तेच शर्यतीला लागतात. शर्यतीमुळं खिलार जगला असं लोक म्हणतात, त्यात तथ्य आहे. ज्याला कुळव ओढायचाय त्याच्या मात्र तो हाताबाहेर गेला, हेही तितकंच खरं.

आप्पांनी शेवटी जो खोंड धरला त्याच्या उजव्या डोळ्याखाली केसांचा भोवरा होता. असा भोवरा अशुभ मानतात, मालकाच्या घरी रडं आणतो म्हणे. शर्यतवाले तर अशा जनावराच्या सावलीला उभे राहत नाहीत. मी दबकत म्हटलं, "आप्पा, भोवरा..." ते खोंडाचा ओठ वर करून दात बघत होते. "भोवरा औताला जुपायचा न्हाय आपल्याला," एवढंच म्हणाले. खोंड दुसा होता, म्हणजे दोन कायमचे दात आलेले, वय अडीचच्या आसपास. आप्पांनी खुरं दाबून पाहिली, वशिंडावरून हात फिरवला, चालवून पाहिला, मागच्या पायाचा ठसा पुढच्या ठशात पडतो का ते बघितलं, मग अचानक टाळी वाजवून तो किती बिचकतो तेही बघितलं. बिचकला, पण पळाला नाही. मग रुमालाखाली हात गेले. बोटं दाबून भाव सांगायचा, शेजारच्याला कळू न देता. आप्पांनी सौदा किती वेळ ताणला याला मोजमाप नाही. भोवऱ्याचं नाव त्यांनी तिथं सतरा वेळा काढलं, तोंड वाईट करून. घरी येताना टेम्पोत म्हणाले, "भोवऱ्यानं हजारो वाचवलं बग."

कपाळावर चांद, म्हणून नाव चांद्या. वेसण घातलेली होती, नाक अजून ओलं. पूर्वी खोंड खच्ची करायला बडवायचे, आता सरकारी दवाखान्यात बर्डिझोचा चिमटा लावतात. रक्त येत नाही, पण सूज उतरेपर्यंत त्याला निवांत ठेवला. त्या दिवसांत आप्पांनी एकच गोष्ट केली. चांद्याला कोशाशेजारी, एकाच गव्हाणीवर बांधलं. पहिले काही दिवस कोशा शिंगानं त्याला बाजूला सारायचा, चांद्या उरलंसुरलं खायचा. मग एका सकाळी कोशा त्याची मान चाटताना दिसला. "आता जुपाय हरकत न्हाय," आप्पा म्हणाले. खिलार परक्या माणसाला लवकर हात लावू देत नाही. मला तर तो महिनाभर बुजत होता. पण एकदा शेजारचं जनावर मानलं की निम्मं काम होतं. शिकवणारा मी नव्हतोच, आप्पाही नव्हते. शिकवणारा कोशा होता.

आधी नुसतं जू. मानेवर ठेवायचं, शिवळा, म्हणजे मानेच्या बाजूच्या खुंट्या, घालायच्या, जुपण्या, म्हणजे गळ्याचे पट्टे, बांधायच्या आणि दोघांना झाडाखाली उभं करायचं. ओढायचं काही नाही. चांद्या मान झटकायचा, मागं सरायचा, कोशा खांबासारखा उभा. खांद्याच्या कातडीला लाकूड सोसायला शिकवायचं असतं. रोज थोडा वेळ, मग तेल चोळायचं. घाई केली तर खांदेसूज येते, आणि एकदा दुखलं की जनावर जू बघूनच अंग चोरतं.

मग ओढ्यातली वाळू. आमचा ओढा पावसाळा सोडला तर कोरडाच असतो. सकाळी ऊन व्हायच्या आत दोघांना वाळूत न्यायचं आणि मागं बाभळीचा ओंडका बांधायचा. वाळूत पाय रुततात, त्यामुळं उधळलं तरी जनावर लांब जात नाही, लवकर दमतं आणि पडलं तरी लागत नाही. मी पुढं कासरा धरून, आप्पा काठावर दगडावर बसून. चांद्या पहिल्या सकाळी उधळला, मलाही थोडं फरपटत नेलं, मग थांबला. दुसऱ्या वेळी उधळलाच नाही, सरळ खाली बसला.

औतात बसणारा बैल म्हणजे शेतकऱ्याच्या डोक्याला ताप. अशा बैलाचं शेपूट पिरगाळतात, टोचतात, कानात पाणी ओततात. मी आप्पांकडं पाहिलं. त्यांनी बिडी काढली. "बसू दे. उठायचं त्येचं त्येला कळंल." जू तिरकं झालेलं, कोशा अर्धी मान वाकवून उभा, चांद्या वाळूत पाय दुमडून रवंथ केल्यागत बसलेला. बराच वेळ गेला. ऊन चढलं. कोशानं अंग झाडलं, एक पाऊल पुढं टाकलं, आणि जू ओढलं गेल्यावर चांद्या उठला. त्याला मारलं असतं तर बसलं की मार मिळतो आणि मार संपला की काम थांबतं, एवढं तो शिकला असता. आता बसलं तरी औत सुटत नाही, हे शिकला. तो नंतरही बसला, पण दर वेळी कमी वेळ.

सगळ्यांत अवघड निघालं वळण. सरळ रेषेत कुणीही चालेल. ओळीच्या शेवटी तालीपाशी वळताना आतला बैल जवळजवळ जागच्या जागी फिरतो आणि बाहेरच्याला मोठाली पावलं टाकावी लागतात. चांद्या उजवीकडं जुपलेला. उजवं वळण आलं की त्यानं थांबायला पाहिजे, तो नेमका तेव्हाच पुढं घुसायचा. त्यात दोन्ही बैल सारख्या ओढीचे नाहीत, म्हणून नाडा आता कोशाच्या बाजूला सरकवलेला, म्हाताऱ्यावर जास्त भार. मला ते बघवत नव्हतं. आप्पा म्हणाले, ह्या सालभर त्यो वडंल, म्होरच्या साली ह्यो वडंल. जसजसा चांद्या रुळला तसतसा मी नाडा बोट-बोट मध्ये आणत गेलो.

आषाढात बेंदराला दोघांची शिंगं रंगवली, झुली घातल्या, काकींनी पुरणपोळी खाऊ घातली. चांद्यानं झूल फाडली. असो.

२०२४ ला पाऊस चांगला झाला. पावसाळाभर कुळवाच्या पाळ्या चालू होत्या. पाऊस पडून रान जरा सुकलं की कुळव घालायचा, तण मरतं, वरची पापडी फुटते आणि भेगा बुजल्यानं आतली ओल उडत नाही. कुळव हे नव्या बैलाला शिकवायला चांगलं अवजार. खोल जात नाही, चुकला तरी नुकसान नाही. सुरुवातीला फास, म्हणजे कुळवाचं पातं, नुसती टेकवून, मग वरच्या लाकडावर, दिंडावर, दगड ठेवून, मग माझं पाऊल ठेवून. रुमण्यावरचा, म्हणजे अवजाराच्या मुठीवरचा, हात किती दाबायचा हे मी त्या पावसाळ्यात शिकलो. हात ढिला पडला की फास वर येते आणि तणाच्या डोक्यावरून निघून जाते. जास्त दाबला की बैल थबकतात. जोडी जमल्यावर दिवसाला दोन-अडीच एकर कुळवून होतं.

पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा, असं जुने लोक म्हणतात. आमच्याकडं भात नाही, पण शाळूची पेरणी उत्तरा-हस्ताच्या पावसावरच. त्या वर्षी पाऊस पडून उघडला, मी रोज खालच्या तालीत जाऊन मुठीत माती दाबून बघायचो. गोळा झाला आणि टाकल्यावर फुटला की वाफसा. गोळा तसाच राहिला तर चिखल, गोळाच झाला नाही तर उशीर. काकी मात्र अनवाणी चालून सांगायच्या. त्यांचं आणि माझ्या मुठीचं कधी जुळायचं, कधी नाही. जुळलं नाही की त्यांचं धरायचं.

बी घरचंच, मालदांडी. एकरी चार किलो. पेरायच्या आधी बियाण्याला गंधकाची भुकटी चोळली, किलोला चार ग्रॅम, म्हणजे काणी रोग पडत नाही. पेरायची कुरी तीन फणांची, दोन फणांत दीड फुटाचं अंतर. तिच्यावर बी सोडायचं लाकडी चाडं, चाड्याला तीन भोकं, प्रत्येक भोकातून एक नळी खाली फणापर्यंत. चाड्यावर मूठ धरायची काकींनी. हळद-कुंकू झालं, नारळ फुटला, चांगभलं झालं, मी रुमण्याला हात घातला आणि काकी हलेचनात.

"ह्यो बैल धावतोय. माझी मूठ धावत न्हाय."

त्यांचं म्हणणं खरं होतं. चाड्यातून बी किती पडायचं ते बोटं ठरवतात, आणि ते कुठं पडायचं ते बैलाची चाल ठरवते. काकींची मूठ आयुष्यभर एका चालीवर बसलेली. कोशा-हरण्याच्या चालीवर त्या न बघता पेरायच्या, गप्पा मारत. चांद्या सकाळी ताजा असताना झपझप चालायचा, मग थबकायचा, मग पुन्हा झपझप. तसं पेरलं तर चार पावलं विरळ, दोन पावलं दाट. आप्पांनी तोडगा काढला. नारळ फुटलेला असताना कुरी बाजूला ठेवली आणि चांद्या-कोशाला वरच्या तालीत कुळवाला जुपलं. उन्हं वर आल्यावर, चांद्याची रग जिरल्यावर, पुन्हा कुरी. आता चाल एकसारखी. काकींनी पदर खोचला, पहिली मूठ भरली. पेरणी संपेपर्यंत आमचा क्रम तोच राहिला. सकाळी कुळव, उन्हं चढल्यावर कुरी.

पेरताना माझी नजर पुढं, काकींची चाड्यात. माझ्या बायकोनं कुरीमागं मोघण, म्हणजे बी सोडायची सुटी नळी, धरलेलं. ठरावीक ओळींनंतर करडईचं पाटं, म्हणजे एक ओळ, सोडायचं ते तिच्याकडं. तिचं माहेर खालच्या बागायती गावातलं, तिनं हे कधी केलेलं नव्हतं. काकी मागं न बघता सांगायच्या, "वाईच बारीक सोड, करडई हाय, शाळू न्हवं." तालीच्या टोकाला वळताना मूठ थांबवायची, नळ्यांत उरलेलं बी पडून जायच्या आत कुरी उचलायची, वळवायची, पुन्हा टेकवायची. काम अवजड नाही, पण तिघांनी आणि दोन बैलांनी ते एकाच वेळी करायचं असतं. मागून शेजारचा पोरगा फळी ओढत काकऱ्या झाकत यायचा.

एकदा तालीतून तितराचा थवा भुर्रकन उडाला आणि चांद्या आडवा पळाला. दहा-बारा पावलांचंच झालं, मी सावरलं. पीक उगवल्यावर काकींनी मला तिथं नेलं. ओळ वाकडी झालेली आणि मध्ये मोकळी जागा. पुढं कापणीपर्यंत त्या जागेला आमच्या घरात तितराची जागा म्हणायचे. काकींना उगवलेलं रान वाचता येतं. इथं बैल दमला होता, इथं माझी मूठ सैल पडली, इथं तू बोललास. मला नुसता हिरवा पट्टा दिसायचा.

कोळपण्या तीन. पीक तीन आठवड्यांचं झालं की फटीचं कोळपं, पाच आठवड्यांनी पासेचं, आठ आठवड्यांनी दातेरी, भेगा बुजवायला. कोळपणीला जू लांब लागतं, म्हणजे बैल ओळींवर न चालता मधल्या पट्ट्यांतून चालतात. दोघांच्या तोंडाला मुसकी बांधायची, नाहीतर पीक कोळपायच्या आधी खाऊन टाकतील. चांद्याला मुसकं आवडायचं नाही. पण चालण्याबद्दल तोवर त्याची तक्रार उरलेली नव्हती, नाडा जुवाच्या जवळजवळ मध्यावर आला होता.

शाळू काढला तो उपटून, कणसं मोडून मळणी यंत्रात घातली. खळ्यावर बैलांची पात धरायचे दिवस मी लहानपणी पाहिलेत. धूळ, उन्हाळा आणि रात्रीची राखण. ते पुन्हा करायची हौस मला नाही. कडब्याच्या गंजी लागल्या. हिशेबाला बसलो तेव्हा काकी म्हणाल्या, दाणा विकून जे येईल ते मोज, पण कडब्यातला बैलांचा वाटा आधी बाजूला काढ. तो काढल्यावर नफा फार उरला असं सांगता येणार नाही. ट्रॅक्टरनं पेरलं असतं तर पेरणीचा खर्च किती, कोळपणीला बायकांची मजुरी किती, हे कागदावर मांडून बघितलं. पेरणीत ट्रॅक्टर स्वस्त पडतो, कोळपणीत बैल, आणि सालभराच्या वैरणीत बैल महाग. ज्याचा कडबा घरचा नाही त्यानं बैल ठेवू नये, एवढं मी कुणालाही सांगेन.

कोशा आता फक्त हलक्या पाळ्यांना. चांद्याला पुन्हा जोडीदार लागणार, हे मला जू उतरवताना रोज दिसतं. वस्तीवरच्या आणखी एका घरानं यंदा खोंड घेतलाय, अजून आदत आहे, कायमचे दात यायचेत. तो दुसा होईल तेव्हा चांद्या शिकवायच्या वयाचा झालेला असेल.

मधल्या काळात बापूंचा मुलगाच आमच्याकडं आला. त्यांचा शाळू गुडघ्याला लागलेला, रानात तण माजलेलं, ट्रॅक्टर दारात उभा. "दादा, कोळपणीला जोडी देता का?" आप्पा ओसरीवरूनच म्हणाले, देतो की, पैरा करू. पोरगा हसला, "माझ्याकडं बैल कुठाय?" आप्पा म्हणाले, ट्रॅक्टर हाय न्हवं. तेव्हापासून असं ठरलंय की उन्हाळ्यात त्यानं आमचं रान नांगरून द्यायचं आणि हिवाळ्यात आमच्या जोडीनं त्याचं कोळपायचं. डिझेल कुणाचं, हे अजून ठरत नाही. तो म्हणतो, ज्याचं रान त्याचं डिझेल. आप्पा म्हणतात, ज्याच्या रानात काम त्यानं वैरण घालायची हे बरोबर, पण मग एक एकर नांगरटीला किती एकर कोळपणी, ते आधी बोल. बापू मध्ये पडत नाहीत. ते चांद्याचा खांदा बघून गेले, सूज नाही म्हणाले.